दिसले नाही, म्हणून नाही? जठरातल्या जीवाणूचा इतिहास

आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे. मात्र आपण त्याच्याकडे तत्त्वज्ञानातल्या एका जुन्या प्रश्नाच्या वाटेने जाणार आहोत. प्रश्न साधा वाटतो : एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळते?

आपल्या दर्शनांमध्ये याचे ठरलेले उदाहरण घड्याचे आहे. आपण खोलीत जातो, जमिनीकडे पाहतो आणि म्हणतो, ‘इथे घडा नाही.’ आता हे ‘नसणे’ आपण डोळ्यांनी पाहिले का? दिसली ती जमीन. नसलेला घडा कसा दिसणार? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात की, यासाठी एक वेगळे प्रमाण मानावे लागते, ते म्हणजे अनुपलब्धी, न आढळणे. नैयायिकांना वेगळे प्रमाण नको आहे. ते म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. वाद मोठा आहे, त्यात आज शिरायला नको. पण एका अटीबद्दल दोन्ही पक्षांचे एकमत आहे, आणि आपल्याला तेवढीच अट हवी आहे. ती अशी की, न आढळणे ‘योग्य’ असले पाहिजे. म्हणजे काय? तर घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये पडदा नको. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून ‘घडा नाही’ असे कोणी म्हटले, तर आपण त्याला हसू.

पण विसाव्या शतकातल्या वैद्यकाने काळोख्या खोलीत उभे राहून पुष्कळ वर्षे हेच विधान केले. खोली होती माणसाचे जठर, आणि घडा होता एक नागमोडी, वळसेदार जीवाणू. हे विधान अज्ञानी माणसांनी केलेले नव्हते, चांगल्या, कष्टाळू आणि प्रामाणिक संशोधकांनी केले होते, आणि त्याची किंमत लाखो रुग्णांनी मोजली. म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यायची.

आधी जठराबद्दलची समजूत कशी घडली ते पाहू. १८२०च्या दशकात लंडनच्या विल्यम प्राउट यांनी दाखवले की, जठरातले आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम बोमाँ नावाच्या लष्करी डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. अलेक्सी सेंट मार्टिन हे त्याचे नाव. १८२२मध्ये बंदुकीची गोळी लागून त्याच्या पोटाला पडलेले भोक कधी पूर्ण बुजलेच नाही. त्या भोकातून बोमाँ यांनी अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, जठररस बाहेर काढला, आणि १८३३मध्ये आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने छापली. तेव्हापासून जठर म्हणजे आम्लाने भरलेली पिशवी, हे चित्र मनात पक्के बसले. मांस विरघळवणाऱ्या या पिशवीत जीवजंतू कसे जगतील? जठर निर्जंतुकच असणार. हा झाला तर्क, आणि तर्क म्हणून तो वाईट नाही.

पण याच चित्रातून एक अडचणीचा प्रश्न निघतो, आणि तो जुना आहे. आम्ल जर मांस पचवते, तर खुद्द जठराला का पचवत नाही? तेही मांसच की! इंग्लंडचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२मध्येच नोंदवले होते की, मृत्यूनंतर जठराची भिंत कधीकधी स्वतःच्या रसाने पचलेली दिसते. म्हणजे जिवंतपणी तिला काहीतरी सांभाळत असते. त्या ‘काहीतरी’चा एक मोठा भाग म्हणजे श्लेष्मा. साध्या शब्दांत सांगायचे तर शेंबडासारखा चिकट, बुळबुळीत थर.

हा थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. जठराच्या अस्तरातल्या पेशी तो सतत तयार करतात आणि त्याच्या खाली बायकार्बोनेट सोडतात. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या जातीचा, आम्ल मारणारा पदार्थ. त्यामुळे होते असे की, जठराच्या पोकळीत पीएच एक-दोनच्या आसपास, म्हणजे तीव्र आम्ल, पण थराच्या तळाशी, पेशींना लागून, जवळजवळ उदासीन स्थिती. एवढ्याशा जाडीत हवामान पूर्ण बदलते. म्हणजे ‘जठर’ ही एक जागा नाहीच, बरं का. त्यात निदान दोन जागा आहेत : एक आम्लाची पोकळी आणि दुसरी श्लेष्माची ओसरी. ‘जठरात जीवाणू राहू शकतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधणाऱ्यांनी या दोन जागा एकच धरल्या होत्या.

आता ज्यांना तो दिसला त्यांच्याकडे येऊ. १८९३मध्ये इटलीतल्या तुरीन शहरी जुलिओ बिझोझेरो यांनी कुत्र्यांच्या जठरातल्या ग्रंथींमध्ये आणि पेशींमध्येही वळसेदार जीवाणू पाहिले आणि त्यांची चित्रे काढली. हे साधे गृहस्थ नव्हेत. रक्तातल्या बिंबाणूंचे म्हणजे प्लेटलेट्सचे काम ओळखण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १८९६मध्ये जर्मनीत हुगो सालोमोन यांनी तसेच जीवाणू कुत्र्या-मांजरांत पाहिले आणि कुत्र्याच्या जठराचे अस्तर उंदरांना खाऊ घालून ते उंदरांच्या जठरात नेऊनही दाखवले. क्राकूचे वालेरी यावोर्स्की यांना माणसाच्या जठरातल्या द्रवात ते आढळले. १९४०मध्ये बॉस्टनमध्ये स्टोन फ्रीडबर्ग आणि लुईस बॅरन यांनी शस्त्रक्रियेत कापून काढलेली जठरे चांदीच्या क्षारांनी रंगवून तपासली आणि एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत त्यांना हे जीवाणू सापडले.

म्हणजे कोणाला दिसलेच नव्हते असे मुळीच नाही. मग पुढे काय झाले?

१९५४मध्ये अमेरिकेतल्या एडी पामर यांनी या प्रश्नाचा सोक्षमोक्ष लावायचे ठरवले. त्यांनी जिवंत रुग्णांच्या जठरातून, नळीने ओढून घेतलेले, हजाराहून अधिक तुकडे तपासले. एकाही तुकड्यात त्यांना तो जीवाणू दिसला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की, आधीच्या लोकांना दिसले ते तोंडातून गिळले गेलेले किंवा मृत्यूनंतर वाढलेले जंतू असावेत. हजार नमुने! कोणालाही पटेल असाच आकडा. वैद्यकालाही पटला, आणि पुढची पंचवीस वर्षे हा विषय बहुतेकांनी मिटलेला धरला.

पण आपली अट आठवा. जीवाणू असता तर तो या पद्धतीने दिसलाच असता का? पामर यांनी वापरला तो पेशी पाहण्याचा नेहमीचा रंग, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. तो पेशींसाठी उत्तम, पण हा जीवाणू त्यात फिकट, पार्श्वभूमीत मिसळून जाणारा. चांदीचा रंग फ्रीडबर्ग यांनी वापरला होता, पामर यांनी नाही. दुसरे असे की, तुकडा धुताना आणि टिकवताना वरचा श्लेष्मा बराचसा निघून जातो. त्याचे कोणाला वाईटही वाटत नसे, कारण पाहायच्या होत्या त्या पेशी. श्लेष्मा म्हणजे पुसून टाकायची चिकचिक. तिसरी गोष्ट नजरेची. जिथे काही असणार नाही असे ठरलेले असते, तिथे फिकट ठिपका दिसला तरी तो ‘डाग’ म्हणूनच दिसतो. तेव्हा हजार तुकड्यांची अनुपलब्धी होती खरी, पण ती योग्य नव्हती. आणि अयोग्य अनुपलब्धी हजार वेळा मोजली म्हणून योग्य होत नाही. संख्येने उजेड वाढत नाही.

याच काळात, वेगळ्या दालनात, वेगळी माणसे त्याच जीवाणूच्या पाऊलखुणा मोजत होती. १९२४मध्ये जेम्स मरे लक आणि त्यांचे सहकारी सेठ यांना जठराच्या अस्तरात युरिएज हे विकर भरपूर प्रमाणात सापडले. विकर म्हणजे एन्झाइम. युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. अमोनिया आम्लाला मारतो. म्हणून हे जठराचेच स्वतःला वाचवण्याचे साधन असावे, असा समज झाला. १९५०च्या दशकात दिसू लागले की, प्रतिजैविके दिली की हे विकर नाहीसे होते. १९६८मध्ये तर जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या प्राण्यांच्या जठरात ते नसतेच, असे प्रसिद्ध झाले. म्हणजे विकर जंतूंचे होते! एका दालनात ‘जीवाणू दिसतो, पण तो तिथे राहणे शक्य नाही’ असे म्हणत होते, आणि दुसऱ्या दालनात ‘जीवाणू तिथे कसा राहतो’ याचे उत्तर बाटलीत भरून ठेवलेले होते. दोन्ही दालनांमधला दरवाजा कोणी उघडला नाही.

आता तो जीवाणू तिथे राहतो कसा, हे पाहू. गिळल्यावर तो आधी आम्लात पडतो. तिथे त्याला फार काळ जगता येत नाही. युरिया जठरात थोडा असतोच. जीवाणू तो आत घेतो, युरिएजने फोडतो, आणि तयार झालेल्या अमोनियाने आपल्या शरीरातली आम्लता सांभाळतो. एवढी सवलत त्याला श्लेष्मापर्यंत पोचायला पुरते. त्याच्या एका टोकाला चार-सहा शेपट्या असतात, त्यांनी तो पोहतो. पण थर तर घट्ट, खळीसारखा. त्यात शिरायचे कसे? वळसेदार आकारामुळे तो बूच काढायच्या स्क्रूसारखा नुसता घुसतो, असे पूर्वी सांगत. २००९मध्ये दाखवले गेले की, प्रकार त्याहून चतुर आहे. जठरातला श्लेष्मा आम्लात घट्ट होतो आणि आम्लता कमी झाली की पातळ होतो. अमोनियामुळे जीवाणूभोवतीची आम्लता उतरते, तिथला थर सैल पडतो, आणि मग तो पोहत जातो. वाट तो स्वतःच करतो.

बरं, एकदा आत शिरला म्हणजे झाले असे नाही. श्लेष्मा खालून सतत तयार होतो आणि वरून झिजतो. खालून वर सरकणाऱ्या जिन्यावर उलटे उतरत राहावे तसे त्याला सतत तळाकडे पोहावे लागते. तळ कुठे हे त्याला कळते ते आम्लतेच्या उतारावरून. मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर केलेला एक प्रयोग २००४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की, बहुतेक जीवाणू अस्तरापासून मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाच्या आत गोळा होतात, आणि तो उतार पुसून टाकला की त्यांची दिशा हरवते, ते थरभर विखुरतात. काही थोडे पेशींना चिकटून बसतात, बाकीचे श्लेष्मात मोकळे असतात. ज्या थराने जठराचे आम्लापासून रक्षण करायचे, तोच थर या पाहुण्याचेही रक्षण करतो. आणि ज्या तंत्रज्ञाने तो थर पुसला, त्याने पाहुण्याला त्याच्या घरासकट पुसले.

आता यात रुग्णांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. नाहीतर ही गोष्ट नुसती प्रयोगशाळेची करमणूक होईल. जठरातला किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी असलेला व्रण, ज्याला आपण सरसकट अल्सर म्हणतो, तो आम्लामुळे होतो हे १९१०पासून सूत्रच झाले होते : आम्ल नाही तर अल्सर नाही. म्हणून आम्लावर उपाय. १९१५च्या सुमारास शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी तासातासाला दूध-मलई आणि सोबत आम्लनाशक भुकट्या असा आहार सुरू केला, तो कितीतरी वर्षे चालला. त्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया : जठराचा भाग कापा, नाहीतर आम्लाला आदेश देणारी नस तोडा. पण आम्ल वाढले कशाने? त्यावर उत्तर आले : स्वभावाने. शिकागोचेच मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी अल्सरचा संबंध दडपलेल्या मानसिक ओढीशी जोडला होता. मग सगळीकडे तेच : काळजी कमी करा, राग सोडा, तिखट बंद करा. आपल्याकडच्या घरांतूनही हे बोल पुष्कळ ऐकू आलेले आहेत, नाही का? पोट दुखणाऱ्या माणसाला पोटदुखी असायचीच, वर ती आपल्याच स्वभावाने ओढवून घेतल्याचा ठपकाही. कारण न सापडल्यावर दोष माणसाच्या मनावर टाकणे सोयीचे असते. मनही दिसत नाही. पण त्याच्याबाबत ‘दिसत नाही म्हणून नाही’ असे कोणी म्हणाले नाही. इथे आपण नैतिक प्रश्नाला स्पर्श करतो आहोत, हे लक्षात असू द्या.

काही जणांनी वाट सोडलीही. ग्रीसमधल्या मेसोलोंघी या गावचे साधे डॉक्टर योआनिस लिकुदिस यांनी १९५८पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके दिली. रुग्ण बरे होत, म्हणून गर्दी होई. १९६८मध्ये त्यांना ४००० ड्राक्मांचा दंड झाला. १९८०मध्ये ते वारले.

त्यांच्या मृत्यूच्या आधीच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थ शहरातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये, रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पृष्ठभागावर त्यांना निळसर रेघ दिसली. त्यांनी ती डाग म्हणून सोडली नाही, चांदीच्या रंगाने तुकडा पुन्हा रंगवला, आणि जीवाणूंचे थवे स्पष्ट झाले. आता एंडोस्कोपीमुळे जिवंत रुग्णांचे ताजे तुकडे रोजच्या रोज येत होते, हेही महत्त्वाचे. १९८१मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी शंभर रुग्णांचा अभ्यास केला. शंभरपैकी ५८ जणांत जीवाणू सापडले, आणि लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर असलेल्या तेराच्या तेरा रुग्णांत ते होते.

पण जीवाणू काही केल्या वाढवता येईना. पहिले तीसेक नमुने वाया गेले. प्रयोगशाळेचा रिवाज असा की, दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी फेकून द्यायची. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत एक बशी पाच दिवस तशीच राहून गेली, आणि तिच्यात जीवाणू उगवले! हा सावकाश वाढणारा जीव होता. पुन्हा तीच अट बघा. पामर यांच्याकडे रंग अयोग्य होता, इथे वेळ अयोग्य होता. दोन दिवस म्हणजे पुरेसे, हे ज्या जंतूंवरून ठरले ते वेगळे होते.

शंभर रुग्णांचा तो अभ्यास १९८४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. तरी आक्षेप उरलाच : जीवाणू आधी की आजार आधी? कदाचित दुखावलेल्या जठरात तो मागाहून येत असेल. प्राण्यांवरचे प्रयोग जमेनात, तेव्हा १९८४मध्येच मार्शल यांनी स्वतः जीवाणूंचा घोट घेतला. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशीच्या तपासणीत जठराला सूज आणि तिथे जीवाणू. ही हकिगत सांगताना लोक ‘त्यांनी अल्सर करून दाखवला’ असे म्हणतात, ते बरोबर नाही. त्यांना अल्सर झाला नाही, जठरदाह झाला. एवढ्याने अल्सरचा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तो सिद्ध झाला पुढच्या वर्षांत, जेव्हा अनेक ठिकाणी दिसले की, जीवाणू काढला की अल्सर सहसा परतत नाही. आणि नुसते आम्ल दाबणाऱ्या गोळ्या थांबवल्या की तो बहुधा परततो.

१९८९मध्ये या जीवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे आजचे नाव मिळाले. १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञसभेने अल्सरच्या संसर्गित रुग्णांना प्रतिजैविके द्यावीत असे सांगितले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकले. २००५मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले. तेव्हा स्टोन फ्रीडबर्ग, ज्यांनी १९४०मध्ये हेच जीवाणू पाहून काम सोडून दिले होते, ते सत्त्याण्णव वर्षांचे होते आणि हयात होते.

इथे टाळ्या वाजवून उठायचा मोह होतो. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय उठणे बरे नाही. पहिली, नवा निष्कर्षही जुन्यासारखा सरसकट करू नये. सगळे अल्सर या जीवाणूमुळे होत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हे दुसरे मोठे कारण आहे. आणि जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या जठरात हा जीवाणू राहतो, बहुधा लहानपणापासून. त्यांतल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. त्याच्या वंशावळीवरून दिसते की, तो माणसाबरोबर आफ्रिकेतून निघाला, सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी. इतका जुना सोबती कोणाला का त्रास देतो आणि कोणाला का नाही, हा प्रश्न संपलेला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घड्याची. चूक ‘न दिसण्यात’ नव्हती. न दिसणे हा काही गुन्हा नाही. चूक होती अट न तपासण्यात. म्हणून कोणी आपल्याला म्हणाले की अमुक गोष्ट नाही, रुग्णाची वेदना खरी नाही, एखाद्या गावात उपासमार नाही, एखाद्या कार्यालयात अन्याय नाही, आमच्याकडे तशी एकही नोंद नाही, तर आपण लगेच उलट बाजूही घेऊ नये. आपण एवढेच विचारावे : ती गोष्ट असती, तर तुमच्या पाहण्याच्या पद्धतीत ती दिसली असती का? कोणता रंग वापरलात? किती दिवस थांबलात? आणि पाहण्याआधी काय धुऊन टाकलेत?

बाकीचे प्रश्नोत्तरांत बोलू.